सतरा नंबरची सकाळ

१२ जानेवारी

— आणि मग स्टोव्हला पिन केली. दूध वर येईपर्यंत केस विंचरले. ह्यांचा डबा भरला, झाकणाला रबर लावलं, कारण झाकण सैल. सुरीला लागलेलं लोणी पावाच्या कडेनं पुसलं आणि ती कड मीच खाल्ली. चहाचा डबा उचलून त्याखाली चिठ्ठी ठेवली. हे झोपलेले. एक पाय पांघरुणाबाहेर. तो आत सारला आणि कामावर निघाले. सहाला पाच कमी.

एवढंच. त्या सकाळी दुसरं काही घडलं नाही. ह्यांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यानंतर काय काय झालं, कोण कोण आलं, ते धड आठवत नाही. पावाची कड आठवते.

आज हे लिहायला बसले, कारण आज वॉर्डातल्या सतरा नंबरच्या पेशंटनं पाय उचलला.

खाटेवरून उठला, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्या पावलाला गुडघा वर घेऊन काहीतरी ओलांडलं. वॉर्डात तिथं काही नाही. सपाट फरशी. पण आमच्या घरी पलंगापासून तिसरी फळी करकरते. खालची म्हातारी काठीनं छत ठोकायची. म्हणून हे रोज ती फळी ओलांडायचे — बगळ्यासारखा पाय उचलून. मी हसायचे.

हातातली चादर खाली पडली. पुन्हा धुवायला टाकावी लागली.

१३ जानेवारी

नीट लिहावं. म्हणजे डोकं जाग्यावर येईल.

आमचा वॉर्ड म्हणजे जुनं गोदाम. खिडक्यांना आतून पत्रे, वर काळं कापड. चोवीस खाटा, सगळे पिणारे. सरकारी कागदावर त्यांना 'रक्तपी' म्हणतात. वन्सं म्हणतात, "आमच्या घराण्यात पिणारे काही कमी नव्हते गं, पण ते बिचारे बाटलीतलं प्यायचे."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्यात हा रोग आला. डॉक्टरीणबाई रोग म्हणतात, वन्सं शाप म्हणतात. वॉर्डात आम्ही म्हणतो, सकाळ लागली. ऊन लागतं तशी. ज्याचं रक्त पिऊन जीव घेतला, त्याच्या शेवटच्या दिवसाची सकाळ ह्यांच्या अंगात येते. एरवी उजाडलं की मेल्यासारखे पडणारे हे लोक उठून बसतात आणि त्या माणसाची कामं करायला लागतात. पहिल्या दिवशी नुसतं उठणं. मग रोज थोडं पुढं. अंथरूण, तोंड धुणं, चहा, बूट. आणि कुणाचीही सकाळ शेवटी कुठं जाते? दाराबाहेर. दार उघडं असलं तर उन्हात राख. बंद ठेवलं तर दारावर डोकं आपटून जातात. दोन्हीकडून तेच.

माझं काम वस्तूंचं. हाताला हवी ती वस्तू मिळाली नाही तर भिंत खरवडतात, नखं निघेपर्यंत. म्हणून एक कपाट आहे — कप, कंगवे, केरसुण्या, किल्ल्या, बूट, एक बाहुलीसुद्धा. कुणाचा हात काय शोधतोय ते ओळखायचं, ती वस्तू द्यायची आणि सकाळवहीत लिहायचं. त्या वहीवरून डॉक्टरीणबाई मेलेल्या माणसाचं घर शोधतात.

वॉर्डात आपल्याच माणसाची सकाळ ओळखू आली तर लगेच सांगायचं, असा नियम आहे. दाराशी कागद लावलाय. मीच लावलाय, चिकटपट्टीनं.

वहीत लिहिलं: 'सतरा — उठला, चालला.' पायाचं लिहिलं नाही.

१४ जानेवारी

आजही फळी ओलांडली.

१६ जानेवारी

आज अंथरूण. चादरीच्या चार घड्या, आणि उशी घडीच्या आत. वर नाही — आत! जगात दुसरं कोण उशी आत घालतं? मग नळ. तोंड धुऊन झाल्यावर ओला हात डाव्या कानामागे.

चेहरा ह्यांचा नाही. हा उंच, पांढराफटक, नाक धारेचं. बोटंही लांब, शिकल्यासवरल्या माणसाची. हात परके, पण हालचाल घरची.

मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि नुसता आवाज ऐकला. खाकरणं. नळ बंद करताना शेवटचा अर्धा पिळा. सुट्टीच्या दिवशी घरी असायचे तेव्हा असंच ऐकू यायचं. किती बरं वाटलं! मग स्वतःची शिसारी आली.

ह्यानंच ह्यांचं रक्त प्यायलं. कालव्याच्या वाटेवर, पुलापाशी. दूधवाल्याला सापडले. हे विसरू नकोस बाई.

१८ जानेवारी

आज अकरा नंबर सुटला. सुटला म्हणजे बरा झाला. मी दोन वर्षांत तिसऱ्यांदाच बघितलं.

अकरा रोज हवेत वेणी घालायचा. अर्धी झाली की हात थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरीणबाईंनी शोधून एक मुलगी आणली, दहावीतली असेल. तिची आई गेलेली. मुलगी म्हणाली, "त्या दिवशी मी कंटाळून अर्ध्यातूनच पळाले होते." मग ती खाटेशी पाठ करून बसली. मान ताठ, ओठ घट्ट. आणि अकरानं तिची वेणी घातली. पूर्ण. शेवटी रिबिन मी दिली.

रिबिन बांधून झाली आणि त्याचे हात मांडीवर पडले. संपलं. तो आडवा झाला आणि दिवसा झोपतात तसा झोपला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा मावशी, औषध हेच. जे काम हातात अडकलंय ते त्याच्या घरच्या माणसानं पुरं करून द्यायचं."

मुलगी मात्र उठेना. म्हणाली, "अजून एकदा घालू दे ना." डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. तिला कुणी सांगायचं? मी सांगितलं. आता त्या हातांत तुझी आई नाही, बाळा.

बाहेर रिक्षापर्यंत सोडलं तिला. वेणीला हात लावत होती सारखा.

२० जानेवारी

डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "सतराचं काहीच कसं कळत नाही हो मावशी? वही वाचली तर वाटतं हा जन्मला, उठला आणि बसला."

"सगळ्यांसारखाच आहे," मी म्हटलं.

आज त्यानं रंग गाळला. हे रोज जुन्या मोज्यातून रंग गाळायचे, गुठळ्या राहू नयेत म्हणून. पाट्या रंगवायचे ना — दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. मोजा मी घरून नेला होता, पिशवीत लपवून. त्याच्या हातात दिला. मोज्याचं तोंड डब्यावर ताणायचं, अंगठ्यानं मध्ये खळगा करायचा — सगळं तसंच! डबा रिकामा होता, पण मी टर्पेंटाइनचा वास घेतला. खरंच घेतला.

वहीत लिहिलं: 'सतरा — चहा गाळतो.'

खोटं लिहिलं. जन्मात पहिल्यांदा लिहिता हात खोटं बोलला. का? दोन कारणं आहेत आणि दोन्ही वाईट. सांगितलं तर मला दुसऱ्या वॉर्डात टाकतील आणि ह्यांच्या सकाळी बंद होतील. आणि दुसरं — सांगितलं तर तो बरा होईल.

२३ जानेवारी

आज काय लिहू? कसं लिहू?

रंगानंतर त्याचा हात छातीच्या उंचीवर काहीतरी चाचपायला लागला. कप दिला, फेकला. कंगवा फेकला. नखं भिंतीला लागली आणि मला कळलं. चहाचा डबा! धावत स्वयंपाकघरातून आणला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला. त्यानं डबा उचलला आणि खाली हात घातला.

खाली काहीच नव्हतं. असणार कुठून? मी सकाळवहीतलं कोरं पान फाडून सरकवलं.

मी कामावर जायचे तेव्हा हे झोपलेले असायचे. म्हणून रोज चिठ्ठी. आज येताना साबण आणा. चारला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. घरमालक येऊन गेला. कधी ऐकायचे, कधी नाही. मला वाटायचं, मर्जी! किती भांडले त्यावरून. "लिहून ठेवलं तरी कळत नाही का तुम्हाला?" हे म्हणायचे, "राहिलं गं." आणि हसायचे.

सतरानं कागद धरला. उजव्या हाताचं बोट त्यावर ठेवलं. मग तेच बोट कठड्यावर टेकवून हळूहळू एक अक्षर काढलं. ब्रशनं काढतात तसं, जाड-बारीक रेघ धरून. आ. मग ज. माझी त्या दिवशीची चिठ्ठी 'आज'नंच सुरू होते.

ओठ हलत होते, आवाज नाही. मग मान वर केली आणि पत्रा ठोकलेल्या खिडकीकडे बघितलं. पुन्हा कागद. पुन्हा खिडकी. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आमच्या खिडकीतून समोर औषधाच्या दुकानाची पाटी दिसते. ह्यांनीच रंगवलेली. हे अक्षर त्या पाटीवर कुठं आहे का, ते शोधत होते. तिथलं नाव त्यांना पाठ होतं ना — म्हणजे त्यावरून आवाज कळेल!

ह्यांना वाचता येत नव्हतं.

सगळ्या गावाच्या पाट्या रंगवल्या माझ्या नवऱ्यानं, आणि त्याला वाचता येत नव्हतं!

२४ जानेवारी

कामावरून आल्यापासून बसून आहे.

मी वाचायला कुठं शिकले? ह्यांच्या पाट्यांवर. लग्नानंतर हे बाहेरची रेघ काढून द्यायचे आणि मी आत रंग भरायचे. हातभर उंचीची अक्षरं. एकेकाच्या पोटात दिवस दिवस बसले. दुकानदार पाटी न्यायला आले की मोठ्यानं वाचायचे, ते मी मनात धरून ठेवायचे. वर्षभरात जुळायला लागलं. मग पुड्यांचे कागद, मग वाचनालय. ह्यांना सांगितलं नाही बरेच दिवस. वाटायचं, हसतील. एवढा अक्षरांचा माणूस! पहिली चिठ्ठी लिहिली तेव्हा केवढी ऐट मला. हे ती हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. मला वाटलं, कौतुक.

आता एकेक आठवतंय. चष्मेवाल्याची पाटी! त्यानं चिठ्ठीवर मजकूर लिहिला होता आणि खाली ह्यांच्यासाठी सूचना. ह्यांनी सगळंच रंगवलं — 'चष्मे दुरुस्त करून मिळतील हे मोठं काढा'. गल्ली हसून हसून लोळली. हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "गिऱ्हाईकानं लिहिलं, मी काढलं! उद्या भांडायला नको." सगळ्यांना वाटलं, काय इरसाल माणूस! चष्मेवाल्यानं ती पाटी मुद्दाम तशीच ठेवली. मीसुद्धा हसले होते. सगळ्यांत जास्त.

आणि ती शेवटची चिठ्ठी. ह्यांच्या खिशात सापडली होती, चार घड्या करून. मला परत दिली, बुटांबरोबर आणि ब्रशांबरोबर. म्हणजे वाचली, खिशात घातली आणि तरी कालव्यानंच आले! पाच वर्षं मी हेच म्हणत आले. लोक म्हणायचे, धीराची बाई, रडत नाही. रडणार कशी? राग आला होता. माझं ऐकलं असतं तर घरी आला असता हा माणूस.

चिठ्ठी आज डब्यातून काढली. शाई फिकी झालीय.

'आज संध्याकाळी कालव्याच्या वाटेनं येऊ नका. तिकडे पिणारे फिरतात म्हणे. बाजारातून या. उशीर झाला तरी चालेल.'

२५ जानेवारी

बोट 'संध्याकाळी'पाशी अडकलं. जोडाक्षर. तीनदा काढलं, तीनदा मान हलवली. पुढं गेलं नाही.

२६ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. सगळं सांगितलं. ह्यांची थोरली बहीण, दुसरं कुणाला सांगू?

वाचता येत नव्हतं म्हटल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुला माहीत नव्हतं?"

"तुम्हाला होतं?"

"अगं, तीन दिवस शाळेत गेला होता तो! चौथ्या दिवशी गुरुजींचं चित्र काढलं म्हणून मार खाल्ला, तो परत गेला नाही. मला वाटलं, तू मोठ्या मनानं बोलत नाहीस."

"मी रोज चिठ्ठ्या लिहीत होते, वन्सं!"

"मग? कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. ओळखीच्याकडून नाही हां — लाजायचा मेला. रस्त्यावरचा परका गाठायचा आणि म्हणायचा, चष्मा घरी राहिलाय."

म्हणून कधी ऐकायचे, कधी नाही. परका भेटला तर साबण यायचा.

वन्संनी पदराला डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "आणि त्या सतराला तू कप आणि मोजे पुरवतेस? माझ्या भावाला प्यायला तो! जाऊ दे की दारातून. नाहीतरी स्वतःच्याच पायांनी चाललाय."

 चहा गाळायला उठले, तर गाळणी हातात घेऊन उभीच राहिले.

२९ जानेवारी

बोट आता सगळ्या ओळींवरून जातं. वाचत नाही, नुसतं जातं — शेवटी पूर्णविरामावर थांबतं. मग पुन्हा 'आज'. भिंत खरवडत नाही, पण कपाळाला घाम येतो. मेलेल्या माणसाचा घाम!

मला ठाऊक आहे काय अडकलंय. डॉक्टरीणबाईंना ठाऊक नाही. ही चिठ्ठी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायची, एवढंच औषध. वीस शब्दसुद्धा नाहीत.

१ फेब्रुवारी

आज कागदाच्या चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. खिशावर थोपटलं, दोनदा.

आता बूट, पिशवी, दार. डॉक्टरीणबाई बोटांवर मोजून म्हणाल्या, "चार दिवस. फार तर पाच. कुणीच नाही का हो ह्याच्या अंगातल्या माणसाचं?"

३ फेब्रुवारी

सकाळ ओसरली की पेशंट पडून असतात, पण शुद्धीवर असतात. दुपारी माझी सुट्टी. दिव्याखाली पुस्तक घेऊन बसले होते. सतरा म्हणाला, "मोठ्यानं वाचाल?"

आम्ही कधी बोललो नव्हतो. आवाज मऊ होता. मी पानभर वाचलं. समुद्रातल्या दिव्याची गोष्ट होती, दिवा सांभाळणाऱ्या माणसाची.

"छान वाचता. कुठं शिकलात?"

"पाट्यांवर," मी म्हटलं.

 तो म्हणाला, "मला वाटलंच. तुमचं अक्षर वहीत बघितलं. एकेक सुटं, उभं, शेवटाला रेघ जाड. पाटीवर असतं तसं. ते अक्षर मी आधी बघितलंय. एकाच चिठ्ठीत."

पुस्तक मिटलं मी. बोट पानातच राहिलं.

मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहिते.

दिवेलागणीची वेळ. चौकात एक माणूस आला, हाताला निळा रंग. म्हणाला, "साहेब, चष्मा घरी राहिलाय. एवढं वाचून दाखवता? बायको मारेल मला!" आणि हसला. ह्यानं चिठ्ठी उघडली. चिठ्ठीत ह्याच्याच जातकुळीची गोष्ट. कालव्यानं येऊ नका.

"मला चार दिवसांची भूक होती," म्हणाला. "आणि सोपं होतं. म्हणून मी दुसरंच वाचलं."

"काय?"

"बाई—"

"काय वाचलंत?"

"'कालव्याच्या वाटेनं या. पुलापाशी थांबा. मी समोर येते.'"

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. ते ऐकत बसले.

तो म्हणाला, "त्यांचा चेहरा असा झाला — ते मला म्हणाले, बघा साहेब, इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, समोर येते! चिठ्ठी खिशात घातली. थोपटली. आणि गेले. पुलापाशी तासभर थांबले होते. मी लांबून बघत होतो, अंधार व्हायची वाट. कुणी आलं की मान उंच करून बघायचे."

"हे मला का सांगितलंत?" मी म्हटलं. "न सांगता पडून राहिला असतात तर कदाचित मी वाचून दाखवली असती. बरे झाला असतात."

"हो," म्हणाला. "म्हणूनच. मला आणखी एक खोटं नको होतं."

मग डोळे मिटून म्हणाला, "डॉक्टर ह्याला रोग म्हणतात. मला वाटतं, कुणाचा तरी तळतळाट आहे. तुम्ही शाप दिला होतात का?"

नाही दिला. कुणाला द्यायचा ते माहीतच नव्हतं. मी ह्यांच्यावरच चिडून बसले होते.

४ फेब्रुवारी

कामावर गेले नाही.

वन्सं आल्या. सगळं ऐकलं. रडल्या, मग थांबल्या, मग माझा हात घट्ट धरला. "वाच. तू वाचच. पण तूही खोटं वाच! 'दारात या, मी बाहेर उभी आहे' म्हण आणि दे दार उघडून. फिट्टंफाट!"

"वन्सं, तो काही ऐकणार नाही. ऐकणार हे."

"म्हणजे?"

"सकाळी त्या अंगात हे असतात. मी जे वाचीन ते ह्यांना ऐकू जाणार."

वन्संनी माझा हात सोडला. म्हणाल्या, "मग मी काही सांगत नाही बाई. तू बघ."

जाताना दारात थांबल्या. "पुलापाशी तासभर? खरंच?" आणि मग, "वेडाच होता."

मी काय करू? वाचली नाही तर परवा तो जाईल. माझे हात कोरडे, कुणी नाव ठेवणार नाही. वाचली तर हे जातील. फळी ओलांडणं, उशी आत घालणं, खिशावर थोपटणं — पुन्हा कधीच नाही. आणि मागे तो राहील, धडधाकट, धारेच्या नाकाचा, पुस्तकं ऐकणारा. ज्यानं ह्यांना हसवून मारलं.

खोटं वाचणं तर मला आता जमतं. वहीत पंधरवडाभर खोटंच लिहिलंय.

५ फेब्रुवारी

सतरानं बूट घातले. आधी उजवा. नाड्यांना दुहेरी गाठ.

डॉक्टरीणबाईंनी दाराशी दोन माणसं उभी केलीत. "उद्या," म्हणाल्या.

चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. चार घड्या होत्या तशाच.

७ फेब्रुवारी

काल सकाळी वही डॉक्टरीणबाईंसमोर ठेवली आणि कुठं कुठं खोटं लिहिलंय त्यावर खुणा करून दिल्या. मग सतरा पिशवी खांद्याला लावून उठला तेव्हा त्याच्यासमोर उभी राहिले, ह्यांची चिठ्ठी उघडली आणि मोठ्यानं वाचली. होती तशी. शेवटच्या ओळीपर्यंत. त्यानं ऐकलं, खाली बसला, दुहेरी गाठ सोडून बूट काढले आणि भिंतीशी जोडीनं ठेवले. मग ते हात परके झाले.

संध्याकाळी सुटल्यावर बाजारातून गेले नाही. कालव्याच्या वाटेनं पुलापाशी गेले आणि तासभर थांबले.